मर्यादा आणि उचल



बँकेच्या सेवेत असताना कोणतेही कॅश क्रेडिट खाते समोर आले की माझी दृष्टी प्रथम दोन आकड्यांवर जाई. एक मंजूर मर्यादेचा आणि दुसरा प्रत्यक्ष उचलीचा. मर्यादा पाच लाखांची असली म्हणून व्यापाऱ्याने पाच लाख उचलले असे होत नाही. व्याजही मर्यादेवर लागत नाही, उचललेल्या रकमेवर लागते. हा भेद बँकेत नव्याने रुजू झालेल्या कारकुनालाही पहिल्या आठवड्यात कळतो. तरीही निवृत्तीनंतर एका लॅपटॉपच्या पडद्यावर हेच दोन आकडे शेजारीशेजारी दिसले, तेव्हा मी ते ओळखू शकलो नाही. त्याची किंमत माझ्या भाचीला मोजावी लागली. ती हकीगत आणि तिच्यातून मिळालेला धडा आज आपल्यापुढे ठेवतो.

भाची हिंगणघाटला राहते आणि सी. ए. इंटरमीजिएटची तयारी करते. तिचा लॅपटॉप तीन-साडेतीन वर्षांचा, रॅम ८ जीबी. शिकवणीचे तास, नोट्स, सराव परीक्षा असे सारे काही त्याच्यावरच चालते. गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी तो अतिशय संथ झाला. तिचे वडील, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, तो एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. तेथील मुलाने पडद्यावरचे दोन आकडे दाखवून निदान केले : "यातलं ग्राफिक्स २ जीबी स्वतःचं घेते आणि वर ३ जीबी शेअर्ड खाते. ८ पैकी ५ गेले. नवीनच घ्या." घरी आल्यावर त्यांनी मला फोन केला. "दादा, तिच्या नावाची मुदत ठेव दिवाळीत पिकते. आत्ताच मोडली तर किती नुकसान होईल?"

मुदतीपूर्वी ठेव मोडल्यावर व्याज कसे कापले जाते, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. परंतु मनात आले की आधी लॅपटॉपचा ताळेबंद पाहावा. दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून हिंगणघाटची बस धरली.

पुढचे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. संगणकाच्या पडद्यावर जे काही दिसते, त्याचे चित्र कोठेतरी स्मृतीत, म्हणजे मेमरीत, लिहिलेले असावे लागते. माझ्या पिढीच्या बँकवाल्यांना डॉ. सी. रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल आठवत असेल. त्यानंतर शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्या काळच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत, म्हणजे एकूण २,००० अक्षरे. प्रत्येक अक्षराला एक बाइट आणि त्याच्या रंगरूपाला एक बाइट धरला, तर सारा पडदा ४,००० बाइटमध्ये आटोपत असे. त्यातही अक्षरे रोमन असत. मराठी अक्षरे उमटवायची तर काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांचा संसार त्या साध्या व्यवस्थेत बसत नसे. त्यासाठी जिस्ट नावाचे एक वेगळे कार्ड संगणकात बसवावे लागे. हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले.

आता आजचा हिशोब मांडू. सर्वसाधारण लॅपटॉपचा पडदा आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदूंचा असतो. गुणाकार केला तर २०,७३,६०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या रंगाला ४ बाइट धरले, तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारे ८ एमबी लागतात. जुन्या पडद्याच्या दोन हजार पटींहून अधिक! त्याखेरीज आजचे विंडोज प्रत्येक उघड्या खिडकीचे चित्र स्वतंत्रपणे सांभाळते आणि ती सर्व चित्रे एकावर एक रचून आपल्याला दाखवते. चित्रफिती, छायाचित्रे आणि ब्राउझरची पाने यांचा खर्च आणखी वेगळा.

ही स्मृती आणायची कोठून? महागड्या संगणकांत ग्राफिक्सचे वेगळे कार्ड असते आणि त्याची स्मृतीही स्वतःची असते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरमध्येच सामावलेला असतो. त्याला स्वतःची स्मृती नसते. तो मुख्य रॅममधूनच आपला वाटा घेतो. इंटेलने १९९९ मध्ये आणलेल्या ८१० या चिपसेटमध्ये ही व्यवस्था होती आणि त्यामुळे घरगुती संगणकाची किंमत उतरण्यास साहाय्य झाले. या वाटणीत कमीपणा मानण्याचेही कारण नाही. अॅपलने २०२० मध्ये आणलेल्या एम-१ चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांची एकच सामायिक स्मृती जाणीवपूर्वक ठेवली आहे. एकाची माहिती दुसऱ्याकडे नकलून न्यावी लागत नाही, हा तिचा लाभ.

आपल्या जिल्ह्यातलाच दाखला द्यायचा तर सेवाग्राम आश्रमातील आदि निवास आठवावा. आरंभीच्या दिवसांत बापू, आश्रमवासी आणि आलेले पाहुणे त्या एकाच वास्तूत राहात. प्रत्येकाला वेगळी खोली नव्हती, म्हणून कोणाचे काम अडले नाही. मात्र अशा घरात दोन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात : कोणाची जागा कायमची राखून ठेवलेली आहे आणि कोणती जागा गरजेपुरती वापरून मोकळी करावयाची आहे.

लॅपटॉपमध्ये नेमके हेच दोन भाग असतात. पहिला भाग 'डेडिकेटेड', म्हणजे राखीव. लॅपटॉप सुरू होतानाच बायोस ही रक्कम रॅममधून बाजूला काढून ग्राफिक्सच्या नावे लावते. त्यानंतर विंडोजला अन्य कामांसाठी तिला हात लावता येत नाही. आमच्या भाषेत ही धारणाधिकार लावलेली ठेव होय. पैसा आहे, परंतु काढता येत नाही. दुसरा भाग 'शेअर्ड', म्हणजे सामायिक. विंडोज सर्वसाधारणपणे उरलेल्या रॅमच्या निम्म्याइतका आकडा येथे दाखवते. ही केवळ मंजूर मर्यादा आहे. ग्राफिक्सला गरज पडली तर ते येथपर्यंत उचल करू शकते. उचल झाली नाही, तोवर ती सारी रॅम आपल्या इतर कामांसाठी मोकळी असते.

दुकानातल्या मुलाने राखीव ठेव आणि मंजूर मर्यादा यांची बेरीज केली आणि तिला खर्च असे नाव दिले. एखाद्या शाखाधिकाऱ्याने असे विवरणपत्र पाठवले असते, तर मी ते लाल शाईने परत केले असते. परंतु त्या दिवशी मीही तीच चूक केली. 'शेअर्ड ३.०' हा आकडा पाहिला आणि तो कमी कसा करता येईल याच्या मागे लागलो. कोणीतरी सांगितल्याचे आठवत होते की ब्राउझरमधील ग्राफिक्स अॅक्सिलरेशनची सोय बंद केली की स्मृती वाचते. मी ती बंद केली. टास्क मॅनेजरमध्ये उचल किंचित कमी झालेली दिसली. मी समाधानाने चहा घेतला आणि संध्याकाळच्या बसने परतलो.

या सोयीचा अर्थ असा की चित्रफीत उलगडणे, पान रंगवणे ही कामे ब्राउझर ग्राफिक्सकडे सोपवतो. ग्राफिक्सच्या भागाची रचनाच त्या कामासाठी झालेली असते. सोय बंद केली की ते ओझे मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावर येते. दोन दिवसांनी भाचीची ऑनलाइन सराव परीक्षा होती. परीक्षार्थींवर लक्ष ठेवण्यासाठी कॅमेऱ्याचे चित्रणही सतत चालू. मे महिना, दुपारची वेळ, बाहेर पारा ४५ च्या आसपास. प्रोसेसर पूर्ण क्षमतेने धावत राहिला, लॅपटॉप तापत गेला आणि चाळिसाव्या मिनिटाला स्वतःच बंद पडला. ती परीक्षा एकदाच देता येणारी होती. तिच्या नावापुढे शून्य लागले.

फोनवर ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "मामाजी, तुम्ही काय बदललं ते मला सांगून तरी जायचं होतं." ते वाक्य मला लागले. छत्तीस वर्षे मी इतरांना शिकवत आलो की खात्यात केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद करावी आणि खातेदाराला कळवावे. येथे मी नोंदही ठेवली नव्हती आणि खातेदाराला कळवलेही नव्हते.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, या वेळी वही घेऊन. भाचीला शेजारी बसवले आणि प्रथम ती सोय पूर्ववत चालू केली. मग आकडे लिहून काढले.

सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या क्रमाने गेल्यावर बसवलेली रॅम ८ जीबी आणि वापरण्याजोगी ५.९ जीबी असे दिसले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्स या विभागात जीपीयूवर टिचकी मारली. राखीव २.० जीबीपैकी प्रत्यक्ष वापर ०.७, सामायिक ३.० च्या मर्यादेपैकी उचल अवघी ०.२. म्हणजे ग्राफिक्सची खरी गरज ०.९ जीबीची, आणि तिच्यासाठी अडकून पडलेली रॅम २.२ जीबी. दुसरीकडे मेमरीच्या पानावर ५.९ पैकी ५.३ जीबी भरलेली. रॅम अशी काठोकाठ भरली की विंडोज काही माहिती डिस्कवर हलवू लागते. डिस्कचा वेग रॅमपेक्षा पुष्कळ कमी असल्यामुळे सारे काही रेंगाळते. संथपणाचे कारण येथे सापडले. दोष सामायिक मर्यादेचा नव्हता. राखीव ठेव अकारण मोठी होती आणि घरखर्चही बेसुमार वाढला होता.

प्रथम घरखर्च पाहिला. ब्राउझरमध्ये सदतीस पाने उघडी होती. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की प्रत्येक पान किती स्मृती घेते त्याची यादी येते. भाचीने ती वाचली आणि स्वतःच अठ्ठावीस पाने बंद केली. लॅपटॉप सुरू होताच आपोआप उघडणारे पाच प्रोग्राम 'स्टार्टअप अॅप्स'मधून बंद केले. खिडक्यांची पारदर्शकता आणि हालचालींचे नखरे अॅक्सेसिबिलिटीच्या 'व्हिज्युअल इफेक्ट्स'मध्ये जाऊन थांबवले. यामुळे सामायिक उचल थोडीशी आणि एकूण वापर बराच उतरला.

मग राखीव ठेवीकडे वळलो. बायोसमध्ये जाण्यासाठी लॅपटॉप सुरू होताना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकी एखादे बटण दाबावे लागते. कोणते, ते कंपनीनुसार बदलते. तेथे एएमडीच्या यंत्रांत 'यूएमए फ्रेम बफर साइज' आणि इंटेलच्या यंत्रांत 'डीव्हीएमटी प्री-अॅलोकेटेड' अशा नावाचा पर्याय असू शकतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये कंपनी हा पर्याय दाखवतच नाही. तसे असेल तर तेथेच थांबावे, आडमार्गाला जाऊ नये. विंडोजच्या रजिस्ट्रीत अमुक आकडा भरा म्हणजे ग्राफिक्सची स्मृती बदलते, असे सांगणाऱ्या चित्रफिती फिरत असतात. त्याने फार तर दाखवला जाणारा आकडा बदलतो, रॅमची वाटणी जागच्या जागी राहते.

सुदैवाने भाचीच्या यंत्रात पर्याय होता. काही बदलण्यापूर्वी तिने त्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले. बिटलॉकर चालू असेल तर बायोसमधील काही बदलांनंतर विंडोज पुनर्प्राप्तीचा ४८ अंकी क्रमांक मागू शकते. तो क्रमांक तिच्या खात्यातून आधीच कागदावर उतरवून घेतला होता. त्यानंतर २ जीबीच्या जागी ५१२ एमबी निवडले, बदल जतन केला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

आणि आता खरी गंमत झाली. वापरण्याजोगी रॅम ५.९ वरून ७.४ जीबी झाली. परंतु सामायिक मर्यादा ३.० वरून ३.७ वर गेली! पाठीमागे उभे असलेले माझे मेहुणे घाबरून म्हणाले, "दादा, हे तर वाढलं!" वाढणारच होते. वापरण्याजोग्या रॅमच्या निम्मी मर्यादा, हे सूत्र तेच राहिले. रॅम वाढली, म्हणून मर्यादाही वाढली. प्रत्यक्ष उचलही ०.२ वरून ०.५ झाली, कारण राखीव भागात जे मावेना ते सामायिक खात्यातून घेतले गेले. तथापि गोळाबेरीज पाहा. पूर्वी ग्राफिक्सपायी राखीव २.० आणि उचल ०.२ मिळून २.२ जीबी अडकत होती. आता राखीव ०.५ आणि उचल ०.५ मिळून १.० जीबी. १.२ जीबी मोकळी झाली. 'शेअर्ड'चा आकडा दोन्ही बाजूंनी वाढला आणि लॅपटॉप मात्र हलका झाला. केवळ तो आकडा उतरवण्याच्या मागे लागणारा मनुष्य येथे हमखास फसतो. मी एकदा फसलो होतोच.

शेवटचा उपाय ओळखीच्या तंत्रज्ञाकडून करून घेतला. मागचे झाकण उघडल्यावर रॅमचा दुसरा खाचा रिकामाच निघाला. तेथे त्याच प्रकारची आणि वेगाची आणखी ८ जीबीची पट्टी बसवली. दोन पट्ट्या जोडीने काम करू लागल्या की रॅमकडे जाणारी वाट रुंद होते आणि सामायिक स्मृतीवर जगणाऱ्या ग्राफिक्सला त्याचा विशेष लाभ होतो. पातळ बांध्याच्या काही लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पाटीलाच डाखलेली असते, तेथे हा मार्ग बंद. म्हणून आधी तपासावे, मग पट्टी विकत घ्यावी. या पट्टीची किंमत नव्या लॅपटॉपच्या तुलनेत अगदी किरकोळ होती. मुदत ठेव मोडावी लागली नाही.

कोणाला हे उपाय लागू नाहीत, तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्यांची मुले त्रिमितीय आराखडे काढतात, चित्रफितींचे संपादन करतात किंवा मोठे खेळ खेळतात, त्यांनी राखीव भाग कमी करू नये. काही प्रोग्राम राखीव आकडा पाहूनच सुरू होतात. पत्रव्यवहार, हिशोब, शिकवणी आणि बँकेची कामे एवढ्यासाठी लॅपटॉप वापरणाऱ्यांना मात्र लहान राखीव भाग पुरतो.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तेव्हापासून 'जुना टाका, नवा घ्या' हा सल्ला अधिकच सढळपणे मिळतो. काही यंत्रे खरोखरच बदलावी लागतील. परंतु तो निर्णय घेण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहावेत : वापरण्याजोगी रॅम किती, राखीव किती आणि सामायिकपैकी प्रत्यक्ष उचल किती. मर्यादेचा चौथा आकडा वाचावा आणि सोडून द्यावा. दुरुस्ती सुचवणाऱ्याला हेच तीन आकडे विचारावेत. त्याला ते सांगता आले नाहीत, तर लॅपटॉप बगलेत मारून घरी यावे.

भाचीची ती सराव परीक्षा परत मिळाली नाही. ते शून्य तसेच राहिले आणि त्याचे उत्तरदायित्व माझे आहे, हे मी तिच्या आईवडिलांसमोर तिला सांगितले. तिने वहीचे एक पान फाडून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवले आहे. त्यावर तारीख, काय बदलले, पूर्वी काय होते आणि कोणी बदलले, असे चार रकाने आखले आहेत. पहिल्या ओळीत ग्राफिक्स अॅक्सिलरेशनची नोंद आहे आणि चौथ्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे, 'मामाजी'.